मोफत हात

"मावशी, हात जरा खाली घ्या. बॅनर झाकला जातोय," फोटोवाला म्हणाला.

मावशींनी नवा हात खाली घेतला. मनगटापासून पुढे गुलबट प्लास्टिक, अगदी नखांसकट. मागच्या बॅनरवर कंपनीचं भलंमोठं नाव आणि त्याखाली 'कृत्रिम हात प्रदान समारंभ'. मावशींचं नाव कुठेच नव्हतं.

कँटीनची टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. भाषणांत माया नुसती उतू जात होती. 'अपघातग्रस्त भगिनी' म्हणाले सगळे. अपघात कुठे झाला, ते मात्र एकजात गिळून बसले. तो झाला होता इथेच, भिंतीपलीकडच्या मशीनवर, दाबाखाली पत्रा सरकवताना. मशीनच्या तोंडाशी पूर्वी लोखंडी जाळी असायची. ती खाली आल्याशिवाय दाब पडतच नसे. पण जाळीने काम रेंगाळतं म्हणून साहेब लोकांनी ती काढायला लावली. मग मावशींचा हात गेला, पाठोपाठ नोकरीही गेली. आता त्याच मशीनवर, त्याच जागी, त्यांची लेक उभी राहते. जाळी अजून नाहीच. लाज म्हणून काही असते की नाही?

मॅनेजरसाहेबांनी माइक पुढे केला. "बोला मावशी, कसं वाटतंय? दोनच शब्द."

काय बोलायचं ते सकाळी ऑफिसातल्या मॅडमनी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. कंपनी म्हणजे माझं कुटुंब, वगैरे. मावशींनी ते सगळं बाजूला सारलं.

"साहेब, हा हात परत घ्या," त्या म्हणाल्या. "त्या पैशात मशीनला जाळी बसवा. माझी पोर आहे तिथे."

पलीकडे मशीन धडधडत होतं, समारंभासाठीसुद्धा कुणी ते थांबवलं नव्हतं. साहेबांच्या कपाळावर साधी आठी उमटली नाही. त्यांनी माइक बंद केला आणि मावशींच्या खांद्यावर असा काही प्रेमाने हात ठेवला, की बघणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी.

"जाळीचा खर्च कारखान्याच्या खात्यातून होतो, मावशी. तिथे एक पैसा सुटत नाही. हा समाजकार्याचा निधी, तो वेगळा," ते समजुतीने म्हणाले. "पण तुम्ही मुलीची अजिबात काळजी करू नका. हा कार्यक्रम आता आपण दरवर्षी ठेवणार आहोत."