सोललेलं वेखंड

आत्यानं मुळीचा तुकडा कटकन मोडला, नाकाशी धरला आणि उजव्या टोपलीत टाकला. पन्नास वर्षांची सवय. वेखंड उजवीकडे, खोटं डावीकडे. पाणथळीत दोन्ही शेजारीशेजारी उगवतात, पानं सारखी, वाळल्यावर मुळ्याही जवळजवळ तशाच. खरं वेखंड मोडलं की उग्र वास सुटतो, खोट्याला तो नसतो. आणि खोटं पोटात गेलं की माणूस उलट्यांनी हैराण.

पण गेले तीन आठवडे आत्याला कशाचाच वास येत नव्हता. ताप आला, ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला. परवा दूध करपलं ते तिला धूर दिसल्यावर कळलं. सांगणार कुणाला? वैद्य भाच्याच्या दवाखान्यात तिला या एकाच कामाचा मान होता. इतके दिवस सालीवरून, तंतूंवरून ओळखून तिनं वेळ मारून नेली. आज मात्र मुळ्या खणणाऱ्यांनी वैद्यबुवांना खूश करायला अख्खं पोतं सोलून, घासून, गोरंपान करून आणलेलं. आता ओळखायचं कशावरून, कपाळ! भाचा समोरच बसलेला. मग मोडायचं, हुंगायचं, उजवीकडे टाकायचं. संध्याकाळी नीट बघू, असं ती मनाला समजावत होती.

तेवढ्यात बसची कंडक्टरबाई आली, गणवेशातच. तिची सहा महिन्यांची मुलगी पोटदुखीनं सारखी रडत होती. भाच्यानं उजव्या टोपलीतला तुकडा कागदात बांधून दिला.

"दोन वळसे उगाळून चाटवा, ताई."

"काही होणार नाही ना हो तिला?"

"आमच्या आत्यानं निवडलंय. निर्धास्त द्या."

कंडक्टरबाई पायरी उतरली आणि आत्यानं हातातली मुळी टाकून दिली.

"अगं ए, थांब! देऊ नकोस ते!"

"काय झालं, आत्या?" भाचा उठलाच.

"मला वास येत नाही. ताप आल्यापासून."

"अगं, मग बोलायचं नाहीस का?"

"बोलले असते तर घरी बसवलं असतंस मला."

ते खरंच होतं. भाच्यानं पुडीसाठी हात पुढे केला. "आणा, मी बघतो."

"तू काय बघणार, मेल्या? दिवसाला डबीभर तपकीर ओढतोस. नाकाशी मेलेला उंदीर धरला तरी तुला कळायचं नाही."

आत्यानं स्वतःच पुडी सोडली, तुकडा मोडला आणि कंडक्टरबाईच्या नाकाशी धरला.

"येतोय वास?"

"कुठे काय? नुसतं लाकूड."

आत्या परत टोपल्यांपाशी बसली. "अगं, माझ्या हातून तुझं लेकरू..."

कंडक्टरबाईला राग आला होता, चांगलाच आला होता. ती पायरीपर्यंत गेलीही. मग परत फिरली आणि स्टूल ओढून आत्यासमोर बसली.

"माझी गाडी साडेतीनला सुटते. मोडा एकेक."

पहिला तुकडा डावीकडे गेला. दुसराही. तिसऱ्याला कंडक्टरबाईनं झटकन मान मागे घेतली.

"बाई गं! केवढा उग्र!"

"हां, हाच दे बांधून," भाचा घाईघाईनं म्हणाला. आत्यानं त्याचा हात बाजूला सारला.

"उग्र म्हणजे कसा? सांग ना."

"कसा म्हणजे... आधी तिखट. मग मागून गार. लोकरीच्या कपड्यांची पेटी उघडल्यावर येतो ना, तसा."

आत्यानं डोळे मिटून घेतले.

"अजून एकदा वास घे," ती म्हणाली. "आणि सावकाश सांग."