खुर्चीतून उठताना

तालमीचा एक नियम होता. खुर्चीत बसलेल्या नटाने भूमिकेबद्दल 'मी' म्हणायचं आणि उठला की 'तो'.

"सख्खा भाऊ आत जळत होता. दार का उघडलं नाहीस?" दिग्दर्शकाने विचारलं.

"मी चहा पीत होतो. निवला असता."

बोलताना नटाला काहीच वाटलं नाही.

"वा. ऊठ आता."

तो उठला. निदान त्याला तसं वाटलं.

घरी बायको पाठमोरी भांडी घासत होती. लग्नाआधीपासून ती त्याला अरे-तुरेच करायची.

"जेवणार ना रे?"

"तो जेवून आलाय."

जीभ घसरली म्हणून तो हसायला गेला, पण हसू काही आलं नाही.

नळ बंद झाला. ती वळली नाही.

"बरं," ती हळूच म्हणाली. "मग तुमच्यासाठी चहा टाकू?"