दसऱ्याचं तेल

ते साल २०७१. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हणमंत बायकोला, रेवतीला, बाळंतपणासाठी मंगळवेढ्याहून सोलापूरला नेत होता. गाडीत मागे त्याची आई वत्सलाबाई रेवतीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उन्हानं रबर फाटू नये म्हणून ऊन चढण्याआधीच त्यानं टायरना लेप लावला होता. तरी वाटेत टायर तडतडू लागले.

“आई, लेप धरलाच नाही. टायरना काही लावलंस का?”

वत्सलाबाई म्हणाल्या, “काल पूजेला खोबरेल चोळलं. माझे वडील चोळायचे. टायर काय चमकायचे रे!”

“अगं, तेलावर लेप बसत नाही!”

पुढची सावलीची शेड दोन किलोमीटरवर होती. ओझोन विरल्यापासून त्या उन्हात कातडी पाच मिनिटांत भाजायची. टायर फुटले तर गाडीची भट्टी होणार होती.

“आत्या, कळ थांबत नाही हो,” रेवती सासूचा हात धरून कण्हली.

वत्सलाबाईंनी पाण्याचा कॅन उचलला. “गाडी थांबव, चिखल थापते. त्यातून ऊन जात नाही.”

“मी उतरतो!”

“तुझे हात भाजले तर स्टिअरिंग कोण धरणार? बस गप.”

पदर अंगभर लपेटून त्या उतरल्या. मातीनं तेल खरवडून त्यांनी चारही टायर लिंपले, तोवर बोटांवर फोड आले होते. गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाली. शेडमध्ये शिरता शिरता मागचा टायर फाटला.

मुलगी शेडमध्येच जन्मली. रेवती सुखरूप आहे. हणमंत टायरना कुणाला हात लावू देत नाही. वत्सलाबाईंची बोटं भरून आली, पण त्यांना स्पर्श कळत नाही. नातीचं जावळ किती मऊ आहे, ते त्या गाल टेकवून बघतात.