लोखंडावरची दुसरी खूण

नवी सायकल दादाची. खिडकीजवळचा पलंग दादाचा. वडील गेल्यावर त्यांची जुनी लष्करी रायफलही दादालाच.

परवाच धाकट्याने ती दादाकडून आपल्या घरी आणली होती. ती कुठल्या सैन्याची, हे विचारायला आज धाकटा तिला बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन आला होता.

म्हाताऱ्या कारागिराने भिंग लावलं. "हा कारखान्याचा शिक्का. हे साल, तुमच्या वडिलांच्याही जन्माआधीचं. पण या तीन तिरक्या रेघा आणि हे टिंब माझ्या कुठल्याच पुस्तकात नाहीत."

धाकट्याने ते ओळखलं. दादाच्या गेलेल्या डोळ्याखालचा व्रण हुबेहूब असाच होता. भीती वाटायच्या आधी त्याच्या पोटात दुखलं. लोखंडावरसुद्धा दादाच.

"माझं काहीच नाही का? नीट बघा की."

"तुमचं काय असणार, राव?" कारागीर हसत शेजारचा गंज तेलाने पुसू लागला. मग त्याचं हसू थांबलं. तिथे आणखी एक खूण होती, तितकीच जुनी. चार रेघा, जास्त लांब, जास्त खोल.

"दादाच्या खुणेपेक्षा मोठी आहे," धाकटा म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याला बरं वाटलं.

दादाचा डोळा गेला होता, तो त्याने रायफल आपल्या घरी नेल्याच्या तिसऱ्या दिवशी.