बाटलीवरचं नाव

“आधी बाटलीवर पेशंटचं नाव लिहायचं, मगच रक्त घ्यायचं,” लॅबमधल्या मॅडमनी कामाच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. अठरा वर्षं तो नेम मी पाळला. एकदाच मोडला. स्वतःचं रक्त काढलं आणि बाटलीवर सासूबाईंचं नाव लिहिलं. “हिची खुर्ची रोज देवाचा धावा करत असेल,” अशी माझ्या वजनाची चेष्टा तिथे चालायचीच. त्यापायी डायबेटिसही जडला असेल, तर ते तरी कुणाला कळायला नको होतं.

साखर भलतीच वाढलेली निघाली. तो रिपोर्ट नेमका ह्यांच्या हाती लागला.

“आई, आजपासून तुझा चहा बिनसाखरेचा!”

सासूबाई तीन महिने तसला चहा निमूट प्यायल्या, आणि मी समोर बसून माझ्या कपात दोन चमचे साखर ढवळत राहिले.

काल पूजा झाल्यावर त्यांच्यापाशी गेले. “आई, तो रिपोर्ट...”

“तुझा आहे. माहितेय गं. माझ्या हाताला सुई लावलीस कधी तू?”

“मग साखर का सोडलीत?”

“म्हटलं, माझं बघून तू सोडशील. तू कसली सोडतेस!”

मान वर करवेना. “उद्या माझ्या नावाने तपासते,” एवढंच म्हणाले.

आज सकाळी त्यांच्या चहात दोन चमचे साखर घातली. बाटलीला लावायच्या चिठ्ठीवर घरीच माझं नाव लिहिलं आणि उपाशीपोटी निघाले.