भानुदासने मुलगी पाहिली

"काळी काच भित्र्यांना लागते," असं म्हणत भानुदास वेल्डरने मुलगी बघायला जायच्या आदल्या दिवशी देवळाचं फाटक उघड्या डोळ्यांनी जोडलं. सकाळपर्यंत त्या उजेडाने त्याची मान वांग्यासारखी भाजली आणि डोळ्यांत वाळूचा अख्खा ट्रक रिकामा केला.

मुलीच्या घरी तो डोळे मिटून घळाघळा पाणी गाळत बसला.

"पोरगा हळवा आहे हो," मामाने सावरलं.

"हळवा की प्यायलेला?" मुलीच्या आत्याने नाक मुरडलं. जमत आलेलं स्थळ हातचं जाताना भानुदासला नुसतं ऐकू येत होतं.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या आणि पोह्यांआधी त्याच्या पापण्यांवर कच्च्या बटाट्याच्या गार चकत्या टेकल्या.

"आमचा दादाही वेल्डरच. असाच शूर," मुलगी म्हणाली.

परतताना मामाने विचारलं, "काय रे, मुलगी कशी वाटली?"

"एकदम देखणी!" चकत्या सावरत भानुदास म्हणाला.