चौथ्या ओळीपासून

"चौथी ओळ," त्रिशला म्हणाली.

"एच, के, एन, ए," शांतिनाथअण्णांनी डोळे मिटून सांगितलं.

"पाचवी?"

"व्ही, आर, एस, एक्स, यू. आता सहावी इचारू नको, ती झोपेतसुद्धा म्हणीन."

"झोपेत नको, डॉक्टरांसमोर म्हणा. आणि एवढं भराभरा नको. खालच्या ओळीला जरा डोळे बारीक करायचे, म्हणजे वाचल्यासारखं वाटतं."

अण्णा हसले. चोवीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवताना तिनं कितीतरी पोरांच्या कॉप्या पकडल्या होत्या. आता स्वतःच नवऱ्याला कॉपी शिकवत होती.

दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून ताटं वाढलेली होती. आठ दिवस हेच चाललं होतं. भाकरीच्या एकेका घासाबरोबर एकेक अक्षर.

अण्णांना एकाहत्तरावं वर्ष लागलं होतं. लायसनची मुदत महिनाअखेरीस संपत होती. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. कडेचं दिसायचं, पण समोरच्या माणसाचा चेहरा पाटीवरून पुसल्यासारखा व्हायचा. त्यांच्या लेकीनं, रोहिणीनं, अमेरिकेहून एक चष्मा पाठवला होता. त्याच्या वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी दुर्बीण बसवलेली. मान जराशी खाली घातली की लांबची पाटी झटकन जवळ यायची. तिकडं काही राज्यांत असल्या चष्म्यावर लायसन देतात, असं रोहिणी म्हणाली होती.

लायसनची कामं करणाऱ्या कृष्णातनं तो चष्मा उलटासुलटा करून बघितला होता.

"झ्याक हाय की अण्णा! पर ह्यो लावून गेलासा तर डॉक्टर सही करायचा न्हाय. फॉर्मात चष्मा लिवलाय, दुर्बीण न्हाय. साध्या चष्म्यानं तक्ता वाचा, सर्टिफिकेट आणा, फुडचं मी बघतो."

साध्या चष्म्यानं अण्णांना तीन ओळी दिसायच्या. तिसरी तर अंदाजानंच.

"मग खालच्या पाठ करा," त्रिशलाच म्हणाली होती. "मंगळवारी मला दीप्ती डॉक्टरांकडं जायचंच आहे. येताना उतरून आणते."

दिवाळीत तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच दवाखान्यात झालं होतं. मंगळवारी ती परत आली ती वहीच्या पानावर ओळी घेऊनच.

पाठांतराची अण्णांना भीती नव्हती. जैन बस्तीत देवापुढं स्तोत्र म्हणताना चाळीस वर्षांत त्यांचं एक अक्षर चुकलं नव्हतं. भीती होती ती गाडी सुटायची. दुसऱ्याच्या गाडीत मागं बसायचं म्हणजे माणसाचं सामान व्हायचं, असं ते म्हणायचे.

लग्नाच्या वर्षी, एकोणऐंशी साली, ते त्रिशलाला मागून आणलेल्या फियाटमधून गगनबावड्याला घेऊन गेले होते. पुढं घाट उतरताना असं धुकं आलं, की गाडीचं बॉनेट दिसेना. नवी नवरी खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि कडेचे पांढरे दगड बघत सांगत राहिली, "उजवीकडं घ्या. आता सरळ. हळू." नवी कोरी साडी भिजून चिंब झाली, पण दोघं सुखरूप खाली उतरली. तेव्हापासून तिच्या शब्दावर स्टिअरिंग फिरवायची त्यांना सवय लागली. अलीकडं तर फारच.

"सिग्नल लाल आहे."

"डावीकडं सायकल."

पण पंधरा-वीस दिवसांपूर्वी उचगावच्या वळणावर, ती बोलायच्या आतच वैरणीचा भारा घेतलेली एक बाई गाडीपुढं आली. अण्णांनी करकचून ब्रेक दाबला. भारा रस्त्यावर आणि बाई भाऱ्यावर. लागलं कुठंच नव्हतं, पण बाईनं तोंड सोडलं.

"डोळं फुटल्यात व्हय रं म्हाताऱ्या? लेकरंबाळं हायती मला!"

त्रिशला खाली उतरली. बाईला हात देऊन उठवलं, भारा तिच्या डोक्यावर चढवून दिला आणि घर येईपर्यंत गप्प बसली. आता ही आपल्या गाडीत बसायची नाही, असं अण्णांना वाटलं होतं. म्हणूनच तिनं पाठांतराचं काढलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

बुधवारी सकाळी ती नेहमीसारखी त्यांच्या शेजारी बसून शाहूपुरीत दवाखान्यात आली.

"काका, ती दुर्बीण काढून ठेवा. साधा चष्मा लावा," दीप्ती डॉक्टर म्हणाल्या. "हं, वरपासून वाचा."

तीन ओळी अण्णांनी खरोखरच वाचल्या, तिसरी चाचपडत. त्याखाली भिंतीवर नुसता करडा धूर होता. पण चौथीला आवाज आपोआप सुटला. चौथी झाली, पाचवी झाली. सहावीला त्यांनी आठवणीनं डोळे बारीक केले.

डॉक्टरांनी एकदा तक्त्याकडं वळून बघितलं. मग म्हणाल्या, "चौथीपासून परत एकदा वाचता?"

अण्णांनी परत म्हटलं. अक्षर इकडचं तिकडं झालं नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्रिशला पर्स मांडीवर घेऊन बसली होती. जमलं, अशा अर्थानं त्यांनी तिच्याकडं मान हलवली. तिचा चेहरा काही त्यांना दिसला नाही.

"काका," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "वरच्या तीन ओळी बरोबर आहेत. पण खाली तुम्ही वाचलंत, त्यातलं एकही अक्षर तिथं नाही. मला सही करता यायची नाही."

अण्णा गोंधळले. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मोठ्यानं हसले.

"म्हंजे तक्ता बदललासा व्हय डॉक्टर? आदी सांगायचं न्हाय का!"

"बदलला कुठं काका? दवाखाना सुरू केल्यापासून हा एकच आहे. गेल्या मंगळवारी काकूंनी याच्यावरच्या सगळ्या ओळी एका दमात बरोबर वाचल्या की."